तोंडी भागीदारी

हजेरीच्या मशीननं माझा अंगठा नाकारला तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. अंगठ्यानं मला आयुष्यात कधी साथ दिलेलीच नव्हती. वेल्डिंग करणाऱ्याच्या बोटांवर रेषा टिकत नाहीत. ठिणग्या, तापलेला पत्रा आणि ग्राइंडर मिळून त्या पुसून टाकतात, आणि मग बोट इतकं गुळगुळीत होतं की ते कुणाचंही असू शकतं. मशीन बसवायला आलेले गृहस्थ टाय लावून आले होते. वाळूजच्या एमआयडीसीत सकाळी सकाळी टाय दिसला की समजायचं, एकतर ऑडिट नाहीतर इन्शुरन्स. त्यांनी माझा अंगठा आपल्या रुमालानं पुसला, त्यावर फुंकर मारली, मग दुसरा मागितला. मशीन दर वेळी बाईच्या आवाजात ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणत होतं आणि मी दर वेळी ‘हो’ म्हणत होतो. रांगेत मी सगळ्यात पुढं होतो, कारण आमच्या शेडमध्ये नवीन मशीन आलं की आधी मालकांनी हात लावायचा अशी रीत आहे. ग्राइंडर आणला तेव्हा गोकुळनं आणि मी दोघांनी मिळून त्याला हळदकुंकू लावलं होतं, आणि कुंकू आत जाऊन तो पहिल्याच दिवशी बंद पडला होता. शेवटी टायवाले केबिनकडं तोंड करून म्हणाले, “सर, यांचं बोट येत नाही. तोंड घेऊ का?” आतून गोकुळ म्हणाला, “घ्या.” मग मी तोंड दिलं. डावीकडं वळवा, उजवीकडं वळवा, डोळे मिटू नका. लग्नाच्या फोटोतसुद्धा मी इतका सहकार्यानं वागलो नव्हतो. काचेवर माझा चेहरा आला, चेहऱ्याखाली नाव आलं, हनुमान, आणि नावाखाली आलं, हेल्पर. मशीन म्हणालं, ‘धन्यवाद’.

मी केबिनच्या दारात जाऊन म्हणालो, “गोकुळ, हेल्पर आलंय.”

“कुठं?”

“माझ्या खाली.”

तो बाहेर आला, मशीनसमोर वाकला आणि डॉक्टर एक्स-रे बघतात तसं बघू लागला. “व्हय रे. ते काहीतरी टाकावंच लागतं त्यात. बदलू की.”

“काय करशील?”

“बघू.”

“मालक असं नाय का येत?”

टायवाले मध्येच म्हणाले, “मालकाची हजेरी नसते, सर.” हे ‘सर’ त्यांनी आमच्या दोघांच्या मधल्या हवेकडं बघून म्हटलं. मी वाट बघितली. या ठिकाणी गोकुळ एक वाक्य बोलणार होता. अरे, हा बी मालकच हाय, एवढं छोटं वाक्य. त्याला बोलायला भरपूर जागा होती, कंप्रेसरसुद्धा त्या वेळी बंद होता. गोकुळ हसला. मग मीही हसलो, कारण इतकी वर्षं तो हसला की मी हसतो. आणि मग मी जाऊन एका ट्रॉलीखाली आडवा झालो.

या शेडचं अर्धं माझं आहे. हे वाक्य मी कधी मोठ्यानं म्हटलेलं नव्हतं, जसं कुणी हा माझा डावा पाय असं सांगत हिंडत नाही. आम्ही गाड्यांच्या कंपन्यांना सुटे भाग ठेवायच्या ट्रॉल्या करून देतो. चाकावरचं कपाट म्हणा. वेल्डिंगची काच तोंडासमोर धरली की जगात एक हिरवट ठिपका उरतो आणि बाकी सगळा अंधार. त्या अंधारात मी त्या दिवशी हेल्पर म्हणून पहिला टाका मारला आणि आश्चर्य म्हणजे तो नेहमीसारखाच बसला. मला वाटलं होतं, हात थोडा तरी कापेल. पण लोखंडाला काही कळवलेलं नव्हतं. ठिपक्याच्या मागं मला चितेगावचं दुकान दिसायला लागलं, जिथं आम्ही दोघं दुसऱ्याच्या हाताखाली होतो. गोकुळला हिशोब यायचा आणि गिऱ्हाइकाशी बोलता यायचं, मला लोखंड यायचं. एकदा दुपारी डबा खाताना तो म्हणाला, आपलं स्वतःचं टाकू, आणि दुसऱ्या दिवशी चक्क स्टँप पेपर घेऊन आला. गोकुळचं घर जमीनवाल्यांचं. त्यांच्यात सख्ख्या भावाला बांधावरून बाभूळ तोडायची असली तरी दोन साक्षीदार लागतात. आमच्याकडं मेंढरं. मेंढराला सातबारा नसतो. कोणतं कुणाचं ते कानाच्या खुणेवरून आणि माणसाच्या तोंडून कळतं. माझ्या मामानं, मुंजाबामामानं, आयुष्यभर लोकांची मेंढरं अर्धलीनं सांभाळली, म्हणजे जी कोकरं होतील त्यातली अर्धी धन्याची, अर्धी याची, आणि हे सगळं रानात उभ्या उभ्या ठरायचं. तो स्टँप पेपर बघून मला असं झालं की जेवताना कुणीतरी माझ्या ताटावर पहारेकरी बसवला. मी म्हणालो, “गोकुळ, कागद करायचा तर मग दुसरा कुणी बघ.” त्याचे कान लाल झाले. त्याचे कान फार प्रामाणिक आहेत. त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, “बरं, तू म्हणशील तसं.” मी म्हणालो, साताऱ्याला जाऊ, आपल्या बायपासजवळच्या गावात. खंडोबापुढं बेलभंडार उचलू. आमच्यात याच्यापुढं कोर्ट नाही.

आणि आम्ही खरंच गेलो, मामाला मध्ये घेऊन. मामानं दोघांच्या ओंजळीत बेलाची पानं ठेवली, वर भंडारा टाकला, आणि आम्ही तो कपाळापर्यंत उचलून शपथ घेतली. परत येताना मोटरसायकलवर आम्ही तिघंही पिवळे होतो. पंपावर पेट्रोल भरणाऱ्यानं विचारलं, लग्न कुणाचं, आणि गोकुळ म्हणाला, आमचंच. राहिला तो स्टँप पेपर. तो गोकुळच्या खिशात दोन धुण्यांतून वाचला आणि पुंडलिकनगरमधल्या पहिल्या ग्रिलच्या कामात उपयोगी पडला. घरमालकीणबाईंना ग्रिलमध्ये पिंपळपानं हवी होती, आणि फर्मा कापायला जाड कागद मिळेना. मी स्टँप पेपर मागितला, गोकुळनं दिला. मी त्यावर पान काढलं, कात्रीनं कापलं, ते पत्र्यावर ठेवून खडूनं गिरवलं आणि गॅसनं कापलं. बाईंचं बघून शेजारच्यांनी पानं मागितली, त्यांचं बघून समोरच्यांनी. अजूनही पुंडलिकनगरच्या त्या गल्लीतून गेलं की सगळ्या गॅलऱ्यांना आमच्या भागीदारीचा करार लटकलेला दिसतो. वाचता मात्र येत नाही.

पुढं वाळूजच्या कंपनीचं काम मिळालं तेव्हा त्यांनी विचारलं, फर्म कुणाच्या नावावर. दोघांच्या, मी म्हणालो. मग कुणीतरी म्हणालं दोघांचं आधार मोबाईलला जोडून आणा, त्यावर नंबर येतो, तो टाकावा लागतो. गोकुळचं जोडलेलं होतं. माझं जोडायला अंगठा लागत होता. आधार केंद्रातल्या बाईंनी मला अंगठा साबणानं धुवायला लावला, मग लिंबू चोळायला लावलं, मग त्या म्हणाल्या आठ-पंधरा दिवस काम बंद ठेवा, रेषा परत येतील. रेषा परत आणायला काम बंद, आणि काम मिळवायला रेषा. बाहेर टपरीवर गोकुळ म्हणाला, “सध्या माझ्या एकट्याच्या नावानं टाकू. नंतर तुझं चढवू.” मी म्हणालो, “टाक.” एवढंच. आमच्या धंद्यात आधी टॅक मारतात. दोन लोखंडं जागेवर राहावीत म्हणून मारलेला छोटा टाका. मग माप बघायचं आणि मग पूर्ण वेल्ड ओढायचा. टॅकवर उभी असलेली वस्तू लांबून पूर्ण झालेल्या वस्तूसारखीच दिसते. रंग मारला तर जवळूनही. ते फक्त तिच्यावर वजन ठेवणाऱ्यालाच कळतं. हे मला माहीत होतं, मी नव्या लोकांना हेच शिकवतो, आणि तरी मी त्या टॅकवर लग्न केलं, घर घेतलं आणि निवांत झोपलो.

दुपारी मी मोटरसायकल काढली आणि साताऱ्याला गेलो. मामा आता तिथंच राहतो, मेंढरं ठेवत नाही, घरापुढं खाटेवर बसतो आणि लोकांच्या मेंढरांवर टीका करतो. मी त्याच्या पायाशी बसलो. विचारायला लाज वाटत होती, म्हणून आधी गुडघ्याचं विचारलं. मग म्हणालो, “मामा, आम्ही देवापुढं काय बोललो व्हतो?”

“कवा?”

“बेलभंडार उचलला तवा. तुम्हीच व्हता मधी.”

“व्हतो ना. ऊन लई व्हतं.”

“शब्द काय व्हते?”

मामानं डोळे बारीक केले. “तुम्ही दोघंबी संगंच बोलले. एकदम. मला म्हणलं, तरणी पोरं हायेत, उरक लई हाय.”

“काही तरी कानावर आलं असंल.”

“देवा खंडोबा, एवढं आलं. तेवढं दोघांचं सारखं व्हतं. पुढं फाटे फुटले.”

“मग हटकलं का नाय?”

“देवाचं चालू असताना मधी कसं बोलावं? आन् त्याला येतंय की दोघांचं ऐकाया. त्याच्यासाठीच तर बसवलाय त्याला.” मामानं गुडघा चोळला. मग म्हणाला, “तुमचं दोघांचं काय चाललंय रे? मागल्या म्हैन्यात गोकुळ बी हेच विचारून गेला. पेढे आणले व्हते त्यानं. तू रिकामाच आला.”

खाटेच्या पायाशी एक मुंग्यांची रांग चालली होती आणि ती माझ्या चपलेला वळसा घालून पुढं जात होती, अगदी व्यवस्थित, जणू चपलेचा तिथं रीतसर परवाना होता. मी त्या रांगेकडं बघत राहिलो. म्हणजे मशीन आधी आलेलं नव्हतं. आधी पेढे आले होते. गोकुळनं दुकानात जाऊन पेढे घेतले असतील, बायपासवरून इकडं वळला असेल, इथंच कुठंतरी गाडी लावली असेल, मामाच्या पाया पडला असेल; तो पाया पडताना नेहमी दोन्ही हात लावतो. मग त्यानंही आधी गुडघ्याचं विचारलं असेल. मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं तर या गुडघ्याचं. आम्ही दोघांनी एकाच माणसाला एकाच रीतीनं तेच विचारलं. फक्त मी आठवावं म्हणून विचारलं आणि त्यानं... मी ते वाक्य पूर्ण केलं नाही. मी विचारलं, “तुम्ही त्याला काय सांगितलं?” मामा म्हणाला, “हेच की, ऊन लई व्हतं.” मग त्यानं जरा दुखावल्यासारखं विचारलं, “चुकलं का माझं?” मी म्हणालो, नाही मामा, ऊन खरंच होतं.

घरी दिपालीला सांगितलं. वाटलं होतं, सांगताना विनोद करता येईल, तोंड घेतलं वगैरे. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, “मग आता मी कोण?”

“म्हणजे?”

“तनुजाताई गोकुळभाऊंची बायको, म्हणून मालकीण. संक्रांतीला त्यांच्या शेजारी मला बसवत्यात, शेडवरच्या बायका आधी त्यांना वाण देत्यात, मग मला. मी कोण?”

“हेल्परीण,” मी म्हणालो.

ती हसली नाही. तव्यावरची भाकरी फुगली, पण तिनं ती दाबली नाही, करपू दिली. “माझ्या बापानं तुला विचारलं व्हतं बघायला आलता तवा. भागीदारीचा कागद हाय का. तू काय म्हणला व्हता?”

“गोकुळ हाय म्हणलो व्हतो.”

“त्यांनी मान हलवली व्हती. मला वाटलं, पसंत पडलं.” मग तिनं ताट वाढलं आणि ते माझ्यापुढं सरकवलं. “उद्या जा आन् लिहून माग. अर्धं माग. पाऊण नको, पाव नको.”

“आन् नाय म्हणला तर?”

“तर आपण कोण ते तरी कळंल.”

मी त्या जेवणाची चव आठवायचा प्रयत्न करतो तर मला फक्त करपलेल्या कडेचा वास आठवतो, आणि त्या वासातून गोकुळचीच आठवण येते. नवीन शेड घेतली तेव्हा आम्ही दोघंच पहिल्या ऑर्डरवर होतो, तो डबे आणायचा, आणि मी काम सोडत नव्हतो म्हणून माझ्या तोंडात घास द्यायचा, काच वर करून. एकदा घासाबरोबर ठिणगी आली. त्याच्याच बोटावर पडली, डाग अजून आहे. माणूस घास भरवतो आणि नंतर पेढे घेऊन साक्षीदाराकडं जातो, हे दोन वेगळे गोकुळ असते तर मला सोपं गेलं असतं. एकाला मिठी मारली असती, दुसऱ्याला चपलेनं मारलं असतं. पण डाग एकाच बोटावर होता, आणि मला राहून राहून वाटत होतं की पेढे मोजून देताना त्यानं तेच बोट पुढं केलं असणार.

सकाळी मी सरळ केबिनमध्ये गेलो. गोकुळ जणू वाटच बघत होता. त्यानं चहा मागवला. मी म्हणालो, “आपलं लिहून घ्यायचं.”

“मी तेच म्हणणार व्हतो,” तो म्हणाला आणि ड्रॉवर उघडून एक कागद काढला. फर्मच्या लेटरहेडवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. “काल तुझं तोंड उतरलेलं बघितलं. मला बी ते हेल्पर आवडलं नाय.”

मी वाचलं. माझी सुपरवायझर म्हणून नेमणूक करण्यात येत होती. पीएफ होता, दिवाळीची सुट्टी होती, वर्षाला एक जोड सेफ्टी बूट होते. दोन्ही बाजूंपैकी कुणालाही एक महिन्याची नोटीस देऊन संबंध संपवता येणार होता. इतकं स्पष्ट आमच्यात आजवर कुणी काहीच मांडलं नव्हतं.

“हे काय हाय?”

“कागद. तुला कधी नको असायचा. शेवटी मीच केला.”

“अर्धं कुठंय?”

“कशाचं?” गोकुळ म्हणाला.

रात्रभर मी त्याची उत्तरं जुळवून बघितली होती. नाही, मग बघू, बँकेचं कर्ज, तनुजाला विचारतो. त्यात प्रश्न नव्हता. “शेडचं,” मी म्हणालो. “देवापुढं बोललो ते. अर्धं तुझं, अर्धं माझं.”

“तसं तू बोलला असशील. मी म्हणलो व्हतो, हनुमानला कधी वाऱ्यावर सोडणार नाय. सोडलं का? तुझ्या लग्नात कोण नाचलं, घराला जामीन कोण राह्यलं? मी माझी शपथ मोडली का, सांग.” त्याचा आवाज खरा होता. त्यालाही दुखत होतं. “तुझी शपथ तू पाळ, माझी मी पाळतो.”

मी हिशोब केला. माझी शपथ अशी होती की माझ्यातलं अर्धं गोकुळचं. शेडमध्ये माझ्या नावावर काही नव्हतं. त्याचं अर्धं मी त्याला आत्ताच्या आत्ता देऊ शकत होतो. “मामाकडं गेलता?” मी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. “गेलतो.”

“कशाला?”

त्यानं पेनचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. “त्यांना आठवत असतं तर दिलं असतं रे,” तो म्हणाला. “देवाशपथ दिलं असतं.”

चहा आला. आम्ही दोघं तो पूर्ण प्यालो, कारण मागवलेला होता. बाहेर कुणीतरी पाइप टाकला आणि शेडभर आवाज घुमला. मला वाटलं, आता मी ओरडेन, टेबल उलटं करेन. ते टेबलही मीच केलेलं होतं आणि त्याच्या पायांना मी चांगला पूर्ण वेल्ड ओढलेला असल्यामुळं ते उलटलं असतं तरी मोडलं नसतं. मग मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद त्याच्याकडं सरकवला, सही न करता, आणि उठलो. शेडमध्ये जाऊन माझी काच घेतली. वेल्डिंग करताना तोंडासमोर धरायची, चितेगावपासूनची, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. ती काखेत मारून मी शटरकडं निघालो तर तिथं नव्यानं ठेवलेल्या स्टुलावर नवा वॉचमन बसला होता. सांडू त्याचं नाव. अवघडल्यासारखा उभा राहून तो म्हणाला, “भाऊ, गेटपास लागंल. वस्तू बाहेर न्यायची तर साहेबांनी सांगितलंय. ऑडिट हाय.”

मी परत केबिनच्या दारात गेलो. “गेटपास पाहिजे.”

गोकुळनं काचेकडं बघितलं, मग माझ्याकडं. “जातो का तू?”

“काच नेतो.”

“कुठं जाशील?”

“बघू,” मी म्हणालो.

त्यानं पुस्तक काढलं. नवं कोरं, पहिलंच पान. पानांच्या मध्ये निळा कार्बन सारला, कडा जुळवल्या. “काच फर्मची का तुझी?”

“माझी. चितेगावहून आणलेली. तू व्हता.”

त्यानं मुठीवरची ट्यूब बघितली. मग मान हलवली आणि लिहायला लागला. त्याचं अक्षर सुंदर आहे. वस्तू, वेल्डिंगची काच, जुनी, एक. मालकाचं नाव, आणि तिथं त्यानं माझं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मी उलट्या बाजूनं वाचत होतो. इतक्या वर्षांत त्या शब्दापुढं माझं नाव पहिल्यांदाच आलं होतं, आणि ते गोकुळच्याच हातचं होतं. खाली दोन चौकोन होते. परतीचा आणि बिनपरतीचा. मी त्याच्या पेनाकडं बघत राहिलो. मला वाटलं, इथं तो थांबेल. वर बघेल, विचारेल, कोणता करू रे. मी काय म्हणणार होतो ते मला माहीत नव्हतं, पण मी काहीतरी म्हटलं असतं. पेन थांबलं नाही. बिनपरतीच्या चौकोनात बरोबरची खूण करून ते खाली उतरलं, त्याची सही झाली, आणि त्यानं पुस्तक माझ्याकडं फिरवलं. “इथं तुझी कर. मिळाल्याची.”

मी सही केली. गोकुळनं वरचं पान फाडून माझ्या हातात दिलं, मग कार्बन उचलला, आणि माझी सही खालच्या पानावर नीट उमटली आहे का ते उजेडाकडं धरून बघितलं.